चेखव ‘द सीगल’ वाचून दाखवतोय, की वाचल्याचं नाटक करतोय?

तिसरी घंटा

नाटकवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जुना फोटो अधूनमधून फिरून येतो. मध्यभागी रशियन नाटककार अंतोन चेखव पुस्तक उघडून बसलाय आणि भोवती नटमंडळींची दाटी. खाली ओळ ठरलेली : “चेखव मॉस्को आर्ट थिएटरच्या कलाकारांना ‘द सीगल’ वाचून दाखवताना, 1898.” मग सगळे हात जोडलेले इमोजी टाकतात. कुणीतरी “असे लेखक आता कुठे” म्हणतं आणि विषय संपतो.

मला त्या ओळीबद्दलच बोलायचंय. साल चुकलंय आणि ‘वाचून दाखवताना’ हेही खरं नाही.

आधी फोटोत कोण कुठे आहे ते बघू, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. चेखवच्या उजव्या हाताला, म्हणजे आपल्या डावीकडे, थिएटरचा संस्थापक-दिग्दर्शक कॉन्स्टॅन्टिन स्तानिस्लावस्की. त्याला लागून कंपनीतली नटी ओल्गा क्निपर. चेखवच्या दुसऱ्या बाजूला मारिया लिलिना, स्तानिस्लावस्कीची बायको आणि कंपनीतली खंदी नटी. आपल्या डाव्या टोकाला उभा आहे तो व्लादिमीर नेमिरोविच-दान्चेन्को, थिएटरचा दुसरा संस्थापक. आणि पार उजव्या टोकाला बसलाय तो तरुण नट व्सेवोलोद मेयरहोल्ड.

आता घटनाक्रम. ‘सीगल’चा पहिला प्रयोग 17 ऑक्टोबर 1896 ला सेंट पीटर्सबर्गच्या अलेक्झांड्रिन्स्की थिएटरात झाला. त्या रात्री लेवकेयेवा या विनोदी नटीचा सन्मान होता. प्रेक्षक पोट धरून हसायला आले होते आणि समोर आलं हे नाटक, ज्यात ती नटी कामालाही नव्हती. नीनाच्या भूमिकेत वेरा कोमिसारझेव्स्कायासारखी अस्सल अभिनेत्री असूनही लोकांनी नको तिथे हसून, शिट्ट्या मारून प्रयोगाची वाट लावली. चेखव प्रेक्षागृहातून उठून आत रंगपटात जाऊन बसला, नंतर रात्री शहरात एकटाच भटकला आणि दुसऱ्या दिवशी गाडी पकडून निघून गेला. सातशे वर्षं जगलो तरी नाटक देणार नाही, असं तो तेव्हा म्हणाल्याचं त्याचा प्रकाशक सुवोरिन याने लिहून ठेवलंय. पुढचे प्रयोग बरे गेले, पण याच्या मनातून ती पहिली रात्र गेली नाही.

मॉस्को आर्ट थिएटर 1898 मध्ये सुरू झालं. चेखवने होकार द्यावा म्हणून नेमिरोविचला पत्रांवर पत्रं लिहावी लागली. स्तानिस्लावस्कीला नाटक फारसं उमगलेलंच नव्हतं. तो खारकोवजवळ भावाच्या इस्टेटीवर बसून प्रयोगाचा बारीकसारीक आराखडा लिहायचा आणि मॉस्कोला पाठवायचा, इकडे नेमिरोविच तालमी घ्यायचा. 17 डिसेंबर 1898 ला नाटक उघडलं. चेखव तेव्हा कुठे होता? याल्टात. म्हणजे दूर दक्षिणेला, क्रिमियात. क्षयाने ग्रासलेला, मॉस्कोचा हिवाळा डॉक्टरांनी बंद केलेला. पहिल्या अंकाचा पडदा पडला तेव्हा प्रेक्षागृह चिडीचूप. पडद्यामागे नटांना वाटलं, बुडालो. नसा शांत राहाव्यात म्हणून सगळ्यांनी व्हॅलेरियनचे थेंब घेतले होते, क्निपर कोसळायच्या बेतात होती. आणि मग टाळ्या फुटल्या त्या थांबेनात. यशाची तार याल्टाला गेली.

म्हणजे नाटक बसलं, उघडलं, गाजलं, आणि लेखकाने पुरा प्रयोग पाहिलेला नाही. तो मॉस्कोला परतला 1899 च्या वसंतात. हा फोटो त्या मे महिन्यातला आहे. ज्यांची भूमिका महिनोन्महिने करून तोंडपाठ आहे, त्या नटांना लेखक तेच नाटक ‘वाचून दाखवतोय’! स्तानिस्लावस्की कान देऊन ऐकतोय!

फोटो खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण तो एक बसवलेला प्रवेश आहे, आणि त्याकडे तसंच पाहिलं तर त्यात जास्त गंमत आहे. जाणकारांनी भर घालावी.

---

वाचनमात्र

छान धागा. एक शंका. 1898 च्या सप्टेंबरात चेखव मॉस्कोत कंपनीला भेटला होता ना? तेव्हाचा फोटो नसेल कशावरून?

---

तिसरी घंटा

भेटला होता, बरोबर. सप्टेंबर 1898 मध्ये तो तालमींना आला, मग याल्टाला गेला. पण तेव्हाही वाचून दाखवण्याची गरज नव्हती. नाटक 1896 च्या डिसेंबरात ‘रुस्काया मिस्ल’ मासिकात छापून आलं होतं, 1897 मध्ये त्याच्या नाटकांच्या पुस्तकातही आलं. नटांच्या हातात भूमिका होत्या, तालमी चालू होत्या.

तारखांचा आणखी एक घोळ जाता जाता सांगतो. रशियात तेव्हा जुनी दिनदर्शिका होती, एकोणिसाव्या शतकात आपल्यापेक्षा 12 दिवस मागे. म्हणून ‘सीगल’च्या मॉस्कोतल्या प्रयोगाची तारीख कुठे 17 डिसेंबर दिसते, कुठे 29. दोन्ही एकच. मी धाग्यात जुन्या तारखा दिल्यात.

---

काचेची प्लेट

फोटोच्या बाजूने बोलतो. हा पावलोव नावाच्या मॉस्कोतल्या व्यावसायिक छायाचित्रकाराने काढलेला आहे. त्या काळचं तंत्र लक्षात घ्या : तिवईवरचा मोठा कॅमेरा, आत काचेची प्लेट, आणि एवढा मोठा घोळका. एकानेही मान वळवली तर तिथे चेहऱ्याऐवजी धूर. तेव्हा वाचन रंगात आलंय आणि कुणीतरी हळूच टिपलं, ही कल्पनाच सोडून द्या. प्रत्येकाला जागा नेमून दिली असणार, खुर्ची पुढे-मागे करून घेतली असणार.

एक करून बघा. फोटो मोठा करा आणि एकेका चेहऱ्याच्या नजरेचा माग काढा. समूहछायाचित्रात सगळे भिंगाकडे बघतात, ती पद्धत. इथे मध्यभागी पुस्तक ठेवलं आणि त्याभोवती माणसं रचली. त्यामुळे कॅमेऱ्यापुढे बसलेल्या घोळक्याचा एकदम ‘प्रसंग’ झाला. कल्पना कुणाची ते ठाऊक नाही, पण ज्याची असेल त्याला दिग्दर्शन कळत होतं.

---

हौशी कलावंत

आमच्या तालमीच्या हॉलमध्ये हा फोटो फ्रेम करून लावलाय! राज्य नाट्यच्या वेळी नवीन पोरांना मी त्याच्यासमोर उभं करून “बघा, नट लेखकाचं कसं ऐकतात” असं भाषणही देतो. फ्रेम काही उतरवणार नाही. भाषण बदलेन.

पण मग लेखकाचं नेमकं मत काय होतं प्रयोगाबद्दल? आवडला होता का त्याला?

---

तिसरी घंटा

तिथेच तर खरी मेख आहे.

हंगाम संपला होता, थिएटर हाताशी नव्हतं. म्हणून 1 मे 1899 ला दुसऱ्याच एका थिएटरात, नेपथ्याविना, खास चेखवसाठी खेळ लावला. प्रेक्षक जवळजवळ तो एकटाच म्हणा ना. पाहून झाल्यावर त्याने गॉर्कीला पत्र लिहिलं, त्यात नीना झालेल्या रोक्सानोवाच्या कामावर सपाटून टीका आहे. सारखी हुंदके देत होती म्हणे. आणि नाटकातला लेखक ट्रिगोरिन झालेला स्तानिस्लावस्की? पक्षाघात झाल्यासारखा चालत-बोलत होता, असं चेखवचं मत. त्या माणसाला इच्छाशक्ती नाही असं नाटकात आहे, ते या नटाने इतकं शब्दशः घेतलं की बघवेना. चौथा अंकही त्याला फार रेंगाळलेला वाटला.

हे पत्र मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातलं. फोटोही त्याच महिन्यातला. म्हणजे ज्याच्या कामाने डोकं उठलं, त्याच्याच मांडीला मांडी लावून चेखव बसलाय. आता परत फोटो बघा.

---

नेपथ्यकार

चेकच्या पँटचा किस्सा राहिला की!

स्तानिस्लावस्कीने ट्रिगोरिन एकदम देखणा उभा केला होता. पांढरा सूट, पांढरे बूट, बायका भाळतील असा लेखक. त्याने चेखवला विचारलं, कसं झालं? चेखव म्हणाला, उत्तमच, फक्त त्याच्या पँटी चेकच्या असतात आणि बूट फाटलेले. बस्स. यापुढे एक अक्षर नाही. स्तानिस्लावस्कीला वाटलं, हा चेष्टा करतोय. बऱ्याच काळाने पुन्हा ती भूमिका करताना त्याच्या डोक्यात उजेड पडला. नीना ज्याच्या प्रेमात पडते तो माणूस खरोखर कुणी थोर असायची गरजच नाही. ती भाळते आपल्याच स्वप्नावर. ट्रिगोरिन सामान्य, थोडा गबाळा असेल तरच तिची शोकांतिका टोचते. पांढऱ्या सुटात ती नुसती प्रेमकथा होते.

हे सगळं त्याने स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय, स्वतःची फजिती न लपवता. मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो तो यामुळे. नुसत्या त्याच्या गाजलेल्या अभिनयाच्या ‘पद्धती’मुळे नाही.

आणि आमच्या खात्याचा किस्सा तर त्याहून भारी. सप्टेंबर 1898 च्या तालमीत एका नटाने चेखवला कौतुकाने सांगितलं की विंगेत बेडूक ओरडणार, रातकिडे किरकिरणार, कुत्री भुंकणार. चेखवने विचारलं, कशासाठी? उत्तर आलं, वास्तव वाटावं म्हणून. त्यावर चेखव म्हणाला, क्राम्स्कॉय या चित्रकाराचं सुंदर चेहरे असलेलं एक चित्र घ्या, त्यातलं एक नाक कापा आणि तिथे खरंखुरं नाक बसवा. नाक वास्तव, चित्राचं मात्र वाटोळं. ही नोंद मेयरहोल्डच्या रोजनिशीत आहे, तो तिथे हजर होता.

तिसऱ्या अंकाच्या शेवटी स्तानिस्लावस्कीला रंगमंचावर सगळे नोकरचाकर आणायचे होते, एका बाईच्या कडेवर रडतं मूल. चेखव म्हणाला, नको. तुम्ही पियानोवर अगदी हळुवार सूर वाजवताय आणि तेवढ्यात झाकण धाडकन पडतं, तसं होईल ते.

बेडूक अर्थात ठेवलेच असणार. ध्वनिसंयोजनवाल्याला कोण अडवणार.

---

मखमली पडदा

सगळं वाचून एवढंच वाटतं की क्निपरबाईंकडे कुणाचं लक्ष नाही या धाग्यात. 😀

याच दोघांचं पुढे 1901 मध्ये लग्न झालं. सप्टेंबर 1898 मध्ये ‘झार फ्योदोर’ या कंपनीच्या दुसऱ्या एका नाटकाच्या तालमीत तिला इरीनाच्या भूमिकेत पाहून चेखव गडबडला होता. मॉस्कोत राहिलो असतो तर त्या इरीनाच्या प्रेमात पडलो असतो, असं त्याने सुवोरिनला कळवलं होतं. मे 1899 मध्ये ती मेलिखोवोला त्याच्या घरी राहूनही आली. तेव्हा फोटोत दोघांच्या मध्ये स्तानिस्लावस्की बसलाय, त्याला तरी यातलं किती कळलं होतं कोण जाणे.

चेखव 1904 मध्ये गेला. ती 1959 पर्यंत होती. ‘सीगल’मधली अर्कादिना केली तेव्हा तिशीचीच होती ती, आणि मुलगा झालेला मेयरहोल्ड तिच्याहून जेमतेम पाच-सहा वर्षांनी लहान.

---

बर्फाळ गाव

मेयरहोल्डवर थोडं सविस्तर लिहितो, कारण उजव्या टोकाच्या त्या तरुणावरून नजर पटकन सरकते.

त्याने ‘सीगल’च्या या प्रयोगात अर्कादिनाचा मुलगा त्रेपलेव केला. नाटकातला त्रेपलेव म्हणतो की जुनं नाटक मेलंय, नवे आकार हवेत. आणि हा नट पुढे नेमकं तेच करायला बाहेर पडला. 1902 मध्ये कंपनी सोडली. बेडूक-रातकिड्यांच्या वास्तववादाकडे पाठ फिरवून त्याने शैलीदार, शरीरावर बेतलेलं, जवळजवळ यांत्रिक लयीचं रंगतंत्र उभं केलं. क्रांतीनंतर काही काळ तो सोव्हिएत रंगभूमीचा नायक होता. मग वारं फिरलं. जानेवारी 1938 मध्ये त्याचं थिएटर सरकारने बंद केलं.

तेव्हा त्याला जवळ कुणी केलं? म्हाताऱ्या, आजारी स्तानिस्लावस्कीने. आयुष्यभराचे कलेतले मतभेद बाजूला ठेवून त्याने मेयरहोल्डला आपल्या ऑपेरा थिएटरात घेतलं. त्याच ऑगस्टमध्ये स्तानिस्लावस्की वारला आणि मेयरहोल्डवरचं छत्र गेलं. जून 1939 मध्ये अटक. काही आठवड्यांत त्याची पत्नी, अभिनेत्री झिनाइदा राइख हिचा घरात घुसून खून झाला. तुरुंगात छळ करून त्याच्याकडून कबुलीजबाब घेतला. 2 फेब्रुवारी 1940 ला गोळी घातली. 1955 मध्ये त्याला निर्दोष ठरवलं, तोवर रशियन रंगभूमीच्या इतिहासात त्याचं नाव घ्यायची सोय नव्हती.

फोटोत तो पंचविशीचा आहे. आपलं मॉस्कोत बस्तान बसलंय, एवढीच काय ती तेव्हाची खात्री.

---

वाचनमात्र

बापरे. हे माहीत नव्हतं.

---

काचेची प्लेट

+१. बर्फाळ गाव, यावर स्वतंत्र लिहाच.

---

हौशी कलावंत

थोडं घरचं. स्तानिस्लावस्की मराठीत आला तो के. नारायण काळे यांच्या ‘अभिनय साधना’मुळे. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी इंग्रजी पुस्तकाला हात न लावता ‘भावनिक स्मृती’वगैरे तिथूनच उचललं. शिबिरांतून अजून त्याच्या झेरॉक्स फिरतात.

आणि सहज आठवलं, हा फोटो निघाला त्याच 1899 सालात देवलांचं ‘शारदा’ आलं. तुलना करत नाही, संबंधही नाही. पण तारखा शेजारी ठेवल्या की बरं वाटतं.

---

विंगेतला

मी जरा विरोधी सूर लावतो. ‘नाटक करतोय’ हे शीर्षक चेखववर अन्याय करणारं आहे. नाटक कंपनी आहे, जाहिरात लागणारच. पहिल्या हंगामात यांची काय अवस्था होती पाहा. ‘झार फ्योदोर’ चाललं, पण बाकीची नाटकं पडत होती. जर्मन नाटककार हाउप्टमानचं ‘हानेले’ तयार करून ठेवलं होतं, ते चर्चच्या आक्षेपामुळे ऐनवेळी बंद पाडलं. तिजोरीत खडखडाट. ‘सीगल’ पडलं असतं तर बहुधा दुकानच बंद झालं असतं. अशा नाटकाच्या लेखकाबरोबर एक चांगला फोटो हवा, तोही नाटकाचं पुस्तक हातात घेतलेला, यात गैर ते काय?

दुसरं म्हणजे चेखव काही बळी नव्हता. न आवडलेलं तो फाडफाड बोलत होता, वर पत्रांतही लिहीत होता. तरीही बसला ना फोटोला? का बसला याचा विचार करा.

---

तिसरी घंटा

विंगेतला, मुद्दा मान्य, आणि ‘का बसला’ याचं उत्तर माझ्या मते ‘अंकल वान्या’ या त्याच्या दुसऱ्या नाटकात आहे.

‘वान्या’ त्याने आधी माली थिएटरला कबूल केलं होतं. माली म्हणजे सरकारी थिएटर, तिथे नाटकं एका समितीपुढून जायची. 1899 च्या एप्रिलमध्ये त्या समितीतल्या प्राध्यापक मंडळींनी नाटकात बदल सुचवले. वान्या प्राध्यापकावर पिस्तूल झाडतो हे प्राध्यापकांना पटेना, याहून मोठा विनोद चेखवलाही सुचला नसता. त्याने भांडण न करता नाटक काढून घेतलं आणि नेमिरोविचला दिलं. नेमिरोविच टपलेलाच होता.

म्हणजे फोटोतल्या टेबलावर ‘सीगल’ असलं तरी सगळ्यांचं मन ‘वान्या’वर आहे. रोक्सानोवाचे हुंदके आणि स्तानिस्लावस्कीचे पांढरे बूट सोसूनही पुढचं नाटक यांनाच द्यायचं, हे त्याने ठरवलं होतं. तीन वर्षांपूर्वी नाटकाचं नाव नको म्हणणारा माणूस एका कंपनीच्या मधोमध पुस्तक उघडून बसायला तयार झाला, हे मला त्या फोटोतलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तो वाचत नसला तरी.

खऱ्याखुऱ्या वाचनाचं म्हणाल तर तेही पुढे झालं. ऑक्टोबर 1900 मध्ये ‘तीन बहिणी’चं वाचन कंपनीपुढे झालं, चेखव हजर होता. वाचून झाल्यावर सगळे गप्प. मग कुजबुज सुरू झाली, हे नाटक नाही, हा तर नुसता आराखडा आहे. कुणाला ते शोकनाट्य वाटलं. चेखवचं म्हणणं, मी तर हलकंफुलकं नाटक लिहिलंय. वैतागून तो उठून गेला. स्तानिस्लावस्की काळजीने त्याच्या मागोमाग त्याच्या मुक्कामी गेला, तर हा रागाने लालबुंद. त्यांच्यातलं वाचन हे असं असायचं.

---

मखमली पडदा

आणि ‘वान्या’च्या पहिल्या रात्री तरी लेखक थिएटरात होता का?

---

तिसरी घंटा

नाही हो, पुन्हा याल्टात. 26 ऑक्टोबर 1899 ला प्रयोग झाला. दुसऱ्या दिवशी रात्री हा झोपला असताना तारा यायला लागल्या. त्या टेलिफोनवर वाचून दाखवायचे, त्यामुळे प्रत्येक वेळी अंधारात अनवाणी धावत फोनपर्यंत जायचं, थंडीत कुडकुडत ऐकायचं, परत येऊन जरा डोळा लागतो तोच पुढची घंटी. स्वतःच्या कीर्तीने झोपू दिलं नाही असं पहिल्यांदाच घडलं, असं त्याने क्निपरला लिहिलं. दुसऱ्या रात्री त्याने शहाणपणाने सपाता आणि झगा पलंगाशेजारी ठेवले. एकही तार आली नाही.

शेवटी 1900 च्या वसंतात अख्खी कंपनी सामानसुमान बांधून क्रिमियाला गेली, सेवास्तोपोल आणि याल्टात खेळ लावले, तेव्हा कुठे त्याने आपला ‘वान्या’ पाहिला. त्या दौऱ्यात गॉर्की, बुनिन असे सगळेच याल्टात गोळा झाले होते आणि चेखवच्या घरात नटांचा राबता होता. त्यावर वेगळा धागा काढतो, इथे आधीच लांबलंय.

---

हौशी कलावंत

काढा. फोटोखालची नवी पट्टी छापून आणली : “चेखव आणि मॉस्को आर्ट थिएटरची मंडळी, मे 1899. छायाचित्र : पावलोव.” पोरांनी लगेच विचारलं, सर, वाचतोय ते काय?

---

विंगेतला

मग काय सांगितलंत?

---

हौशी कलावंत

म्हटलं तालीम सुरू करा, सात वाजले.